आल्टो सॅक्सवर वरचे सूर चिरकतात

लालबागकर_आल्टो:
बँडमध्ये बरीच वर्षं क्लॅरिनेट वाजवलं, आता आल्टो सॅक्स (मध्यम आकाराचा सॅक्सोफोन) घेतलाय. मधल्या सुरांपर्यंत आवाज छान भरून येतो. पण डाव्या तळहाताने दाबायच्या कीजवरचे (कळांवरचे) सगळ्यांत वरचे डी, ई, एफ आले की चिरकतो, नाहीतर सूर चढतो. मिरवणुकीत ताशापुढे ऐकू यावं म्हणून जोर लावला की आणखी बिघडतं. रीड (माउथपीसवर बसवायची, कंप पावणारी पट्टी) अडीच नंबरची आहे, अजून कडक म्हणजे तीनची घेऊ का? तसंच एफच्या वर जायचंय, त्याची बोटं कोणी सांगेल का?

दादर_टेनर:
रीड बदलू नका. आधी पॅड, म्हणजे भोकं झाकणाऱ्या चामड्याच्या गाद्या, तपासून घ्या. पावसाळ्यात चामडं फुगतं, आणि वरचं एखादं पॅड जरा जरी गळलं तरी खालचे सूर फुटतात.

गिरगाव_ब्रास:
पॅड बघाच, पण मला दुखणं ओठांत वाटतं. क्लॅरिनेटची आवळलेली पकड सॅक्सवर चालत नाही, ती रीड दाबून टाकते. नुसतं माउथपीस फुंकून ट्यूनर (सूर मोजायचं यंत्र) लावा. आल्टोला ए, म्हणजे ८८० हर्ट्झच्या आसपास यायला हवा. क्लॅरिनेटवाले बहुधा त्याच्या बरेच वर जातात. जबडा सोडून तो खाली आणा.

मग सगळ्यांत खालचा बी फ्लॅट धरा आणि बोटं अजिबात न हलवता वरचा बी फ्लॅट काढा, नंतर एफ, मग त्याच्याही वरचा बी फ्लॅट. ऑक्टेव्ह की (सूर एक सप्तक वर नेणारी, डाव्या अंगठ्याची कळ) लावायची नाही. सूर आधी मनात ऐका. जिभेचा मागचा भाग 'ई' म्हणताना येतो तसा वर येऊ द्या, हवा जोरात राहू द्या. या कामाला कंटाळून लोक सोडून देतात, त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण एफच्या वरची सगळी वाट इथूनच जाते. बोटांचे तक्ते प्रत्येक सॅक्सला थोडे वेगळे लागू पडतात. घसा तयार नसेल तर कुठलाच तक्ता वाजत नाही. हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणाऱ्या मनोहारी सिंगांचा सॅक्स ऐका, वर गेला तरी पातळ होत नाही.

लालबागकर_आल्टो:
माउथपीसवर सी आला! जबडा सोडल्यावर ए पर्यंत उतरतोय, पण टिकत नाही.

गिरगाव_ब्रास:
टिकेल. तोवर एफसाठी समोरची की (डाव्या तर्जनीने दाबायची) वापरून बघा: ती, डाव्या हाताचं मधलं बोट आणि ऑक्टेव्ह. अनामिका जोडलीत की ई. वरच्या जीला बहुतेक याच पकडीतून जातात.