जुन्या पिकअपचे रिव्हर्स लाईट: तुमचा फॉल्ट कुठे सापडला?

माझ्या जुन्या पिकअपचे दोन्ही रिव्हर्स लाईट एकदम बंद पडलेत. बल्बची तार शाबूत, फ्यूज पण ठीक. अंधारात गाडी मागे घेताना मागे लहान मूल उभं असलं तरी दिसणार नाही, त्यामुळे हे असंच सोडायचं नाहीये. ज्यांनी स्वतः शोधून काढलंय त्यांनी नीट सांगा, नुसतं 'वायरिंग बघ' नको.

---

दोन्ही एकदम गेलेत ना, मग आधी गिअरबॉक्सवरचा स्विच बघा. मॅन्युअल गाडीत रिव्हर्स टाकला की त्याची पिन दाबली जाते आणि सर्किट जुळतं. मी चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद ठेवून चावी ऑन केली आणि खाली शिरून स्विचचा कनेक्टर काढून वायरिंगकडच्या दोन टोकांत वायरचा तुकडा घातला, तर दोन्ही लाईट लख्ख! स्विचच गेला होता. खोलताना तिथून ऑइल गळतं, खाली भांडं ठेवा, वॉशर नवीन टाका आणि नंतर ऑइलची लेव्हल बघा.

---

माझा एकच लाईट बंद होता आणि त्याने मला तीन दिवस रडवलं. मीटर लावला की होल्डरवर पूर्ण १२ व्होल्ट, बल्ब लावला की काही नाही, बल्ब बदलून बदलून थकलो. मग कळलं की मीटर जवळपास करंट ओढतच नाही, पण २१ वॉटच्या बल्बला पावणेदोन अँपिअर लागतात, म्हणजे कनेक्शन कच्चं असलं तरी मीटर १२च दाखवणार. बल्ब लावलेला ठेवून मोजलं तेव्हा जेमतेम ५. शिवाय ब्रेक दाबला की हाच लाईट मिणमिणायचा, तिथेच अर्थिंगचा (करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जायच्या जोडणीचा) संशय यायला हवा होता. हौद्याखाली अर्थिंगचा स्क्रू होता, त्याच्या रिंगवर पांढरी-हिरवी भुकटी जमलेली, बोटाने चोळली तर रिंगच तुटून हातात आली. नवी रिंग लावली, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत केला, वरून ग्रीस. झालं काम.

---

रिव्हर्स टाकला की फ्यूज उडत असेल तर मोठ्या अँपिअरचा फ्यूज कृपा करून टाकू नका, वायर जळेल. माझ्या गाडीत ट्रेलरच्या सॉकेटकडे जाणारी वायर चासीच्या धारेवर घासून सोलली होती.

---

सगळ्यांचे मनापासून आभार, सापडलं! स्विचपाशी वायर जोडून बघितली, लाईट लागले नाहीत. पण टेस्ट लॅम्प (करंट आहे का बघायचा वायर जोडलेला छोटा दिवा) लावला तर कनेक्टरच्या एका टोकाला करंट होता आणि मागे होल्डरपाशी काहीच नाही, म्हणजे मधली वायर. हाताने चाचपत मागे गेलो तर हौद्याच्या खालच्या वळणावर वायर रबरासारखी ताणली गेली, वरचं कव्हर धड आणि आतलं तांबं सडून तुटलेलं. वीतभर तुकडा बदलला, दोन्ही लाईट चालू.