मदत हवी आहे: बर्मी पोथीपेटीचे पोपडे सुटतायत, कशाने चिकटवू?

नमस्कार मंडळी, माहेर रत्नागिरीचं, सध्या लेस्टरला असते. मे महिन्यात इथल्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून लांबुळकी सागवानी पेटी घेतली, दुकानदार म्हणाला पांघरुणं ठेवायची आहे. घरी आणून बघते तर अख्खं झाकण वेगळं निघतं, मागची बाजू नुसती लाल आणि कोरी, सगळी कलाकुसर पुढच्या अंगाला, मग शोधाशोध केल्यावर कळलं की ही साडाइक, म्हणजे म्यानमारच्या विहारात ताडपत्राच्या पोथ्या ठेवायची पेटी!

पुढे वेस्सन्तर जातक (बुद्धाच्या मागच्या जन्माची गोष्ट) आहे, राजपुत्र पांढरा हत्ती दान देतोय आणि ब्राह्मणाच्या हातावर चक्क उदक सोडतोय, आपल्याकडे सोडतात तसंच. खाली बर्मी अक्षरं आणि १२५५ हा आकडा. बर्मी सनात ६३८ मिळवायचे म्हणजे १८९३, म्यानमारचा थिबा राजा आमच्या गावात नजरकैदेत होता तेव्हाची झाली की ही (म्हणून जरा जास्तच जीव जडलाय).

आता रडगाणं. थंडीत हीटिंग लावल्यापासून नक्षीला बारीक चिरा पडल्यात, परवा हत्तीची सोंडच गळून पडली, ती काडेपेटीत जपून ठेवलीय. ही नक्षी कोरलेली नाहीये, थित्सी झाडाचा चीक आणि राख मळून त्याच्या शेवयांसारख्या वळ्या चिकटवतात आणि वर सोन्याचा वर्ख. मी शहाणी, एका कोपऱ्यावर ओला फडका फिरवला तर फडकाच सोनेरी झाला 😭

नवरा म्हणतो फेविक्विक लाव, सासरे व्हिडिओ कॉलवर लाखेचं पॉलिश मार म्हणतात, पण आपली लाख किड्यांची आणि हा झाडाचा चीक, एकावर दुसरं चालेल का? मला तर नवीन चकाचक करायचीच नाहीये, आहे ते गळायचं थांबलं तरी पुरे.

म्युझियममध्ये किंवा जुन्या लाकडी वस्तूंवर काम केलेलं कुणी असेल तर प्लीज सांगा, सोंड कशाने चिकटवू आणि पेटी रेडिएटरपासून हलवली तरी खोलीत पाण्याचं भांडं ठेवावं का, की त्याने बुरशी येईल? आणि कुणाच्या ओळखीत बर्मी वाचणारं माणूस आहे का, १२५५ च्या आधी दोन ओळी आहेत, दान देणाऱ्याचं नाव असावं असं वाटतंय. उद्या उजेडात फोटो काढून खाली टाकते.