मदत हवी आहे: पेनड्राइव्ह लावला की कॉम्प्युटर फट्‌कन बंद

नमस्कार मंडळी,

लालबागला राहतो, सोसायटीचा खजिनदार आहे. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा उरकायची, तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी लावायची, आणि ऑडिटरसाहेबांनी अहवाल दिलाय पेनड्राइव्हवर. इथेच घोडं अडलंय.

कॉम्प्युटर असेंबल केलेला, सहा-सात वर्षांचा, विंडोज १०. एरवी दिवसभर ठणठणीत चालतो. पण पुढच्या पोर्टमध्ये पेनड्राइव्ह खुपसला की 'टक्' असा आवाज येतो आणि सगळं बंद. निळा स्क्रीन नाही, सूचना नाही, काही नाही. मग पॉवरचं बटण दाबलं तर ढिम्म हलत नाही. भिंतीतला प्लग काढून दोन-तीन मिनिटं थांबलो तरच परत चालू होतो.

तीन वेगवेगळे पेनड्राइव्ह लावून बघितले, तिन्ही वेळा तेच. भाचीच्या लॅपटॉपवर तिन्ही चालतात. अँटिव्हायरस फिरवला, काही सापडलं नाही. मागचे पोर्ट तपासलेले नाहीत, कारण कॅबिनेट कपाटाच्या खणात कोंबलंय आणि ते बाहेर काढायचं म्हणजे आधी शिलाई मशीन हलवा. दुकानदार फोनवरच म्हणाला, "मदरबोर्ड गेला, नवीन घ्या." न बघता? काय करू?

प्रतिसाद
फॉरमॅट मारा. माझा असाच अडकत होता, फॉरमॅट मारल्यावर लोण्यासारखा चालला.

प्रतिसाद
अहो, फॉरमॅट कसला मारताय! निळा स्क्रीन आला असता तर ड्रायव्हरवर संशय घेतला असता, मिनीडंप फाइल (विंडोज कोसळल्याची नोंद) उघडून बघितली असती. इथे करंटच तुटतोय. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, बहुतेक 'कर्नल-पॉवर ४१' दिसेल, पण त्याचा अर्थ फक्त 'मशीन नीट बंद न होता गेलं' एवढाच. लोक तो आकडा बघून उगाच घाबरतात.

काका, एक सोपी परीक्षा करा. मशीन चालू होताना डिलीट की दाबत राहा, म्हणजे बायोसमध्ये जाल. तिथे विंडोज अजून उठलेलंच नसतं. तिथे एखादा जुना, फेकायच्या लायकीचा पेनड्राइव्ह पुढच्या पोर्टला एकदाच लावा. बंद पडलं तर विंडोज निर्दोष. ऑडिटरांचा पेनड्राइव्ह मात्र पुन्हा तिथे लावू नका. आणि मोबाइलचा टॉर्च मारून पोर्टच्या आत काय दिसतं ते सांगा.

धागाकर्ता
बायोसमध्येही बंद पडला. टॉर्च मारला. दोन पोर्टांपैकी डावीकडच्यातली काळी प्लास्टिकची जीभ अर्धी तुटलीय. चार सोनेरी पट्ट्यांपैकी कडेची एक वर उचलली गेलीय आणि बाहेरच्या पत्र्याला जवळजवळ टेकलीय. थोडा गंजही आहे, पावसाळ्यात आमच्याकडे काय गंजत नाही!

प्रतिसाद
सापडलं की मग! कडेच्या दोन पट्ट्यांपैकी एक ५ व्होल्टची, दुसरी ग्राउंडची. बाहेरचा पत्राही ग्राउंडलाच जोडलेला असतो. तुमची ५ व्होल्टवाली वाकलेली असणार. पेनड्राइव्ह आत गेला की ती पत्र्यावर दाबली जाते आणि शॉर्ट. यूएसबी २ चा पोर्ट नियमाने ५०० मिलीअँपिअर द्यायचा, ३ चा ९००. शॉर्टमध्ये त्याच्या कितीतरी पट करंट ओढला जातो, म्हणून एसएमपीएस (कॅबिनेटमधला पॉवर सप्लायचा डबा) स्वतःला वाचवायला बंद होतो. प्लग काढून थांबल्याशिवाय सुरू होत नाही तेही त्याचमुळे. काही मदरबोर्डवर 'ओव्हर करंट, १५ सेकंदांत बंद होईल' असं लिहूनही येतं, तुमच्यावर तेवढीही सवड मिळाली नाही.

आता पट्टी चिमट्याने सरळ करत बसू नका. प्लग भिंतीतून काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलासुरला करंट जाऊ द्या, बाजूचं झाकण उघडा. पुढच्या पोर्टांकडून येणारी वायर मदरबोर्डवर जिथे बसते तो कनेक्टर सरळ वर ओढून काढा. वायर धरून नाही, कनेक्टर धरून. यूएसबी २ चा ९ पिनांचा असतो, ३ चा जाडजूड, १९ पिनांचा. शेजारच्या बारीक सुट्या वायरींना हात लावू नका, त्या पॉवर बटणाच्या आहेत. मग मागच्या पोर्टला लावून बघा.

प्रतिसाद
जरा अवांतर. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? जुन्या इमारतींत अर्थिंग नावापुरतंच असतं.

धागाकर्ता
येतात! टेस्टर लावला तर दिवा लागतो. मला वाटायचं सगळ्यांचंच असं असतं.

प्रतिसाद
तो वेगळा आजार, पण दुर्लक्ष करू नका. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे कॅबिनेटवर घरच्या लाइनच्या जवळपास निम्मा व्होल्टेज चढून बसतो. इलेक्ट्रिशियनला बोलावून तीन पिनांच्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या.

धागाकर्ता
अपडेट: शिलाई मशीन हलवलं, बायकोची बोलणी खाल्ली, झाकण उघडलं. कनेक्टर ९ पिनांचा निघाला, काढला. मागच्या पोर्टला आधी जुना, मग ऑडिटरांचा पेनड्राइव्ह लावला. मशीन हूं की चूं करत नाही. अहवाल छापला, नोटीस लिफ्टशेजारच्या बोर्डावर लागली.

रविवारी सगळं बंद असतं, तेव्हा सोमवारी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात पुढच्या पॅनेलची वायर बघतो. इलेक्ट्रिशियन संध्याकाळी येतोय. तोवर पुढच्या दोन्ही भोकांवर सेलोटेप चिकटवलीय, घरात नातू आहे.