५ किलोलिटरच्या रिअ‍ॅक्टरला सीएफडी (संगणकावर द्रवाच्या प्रवाहाचं गणित) करावं का?

लोटेवाला: डायअमाइनमध्ये अ‍ॅसिड क्लोराइड सोडतो. लॅबमध्ये २ लिटरला दुहेरी जोडलेली (दोन्ही टोकांना क्लोराइड चिकटलेली) इम्प्युरिटी ०.४ टक्के यायची, प्लांटच्या ग्लास-लाइन्ड (आतून काचेचा थर दिलेल्या) रिअ‍ॅक्टरमध्ये सव्वा टक्का येते. तापमान तेच, अ‍ॅडिशन दोन्हीकडे चार तास. साहेब म्हणतात, मोटर मोठी करा. मला वाटतं, आधी आत काय चाललंय ते बघावं. ओपनफोम हे सीएफडीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण मी कधी वापरलेलं नाही. कुणी केलंय?

मिक्सिंगवेडी: जरूर करा, पण त्याआधी एक दिवस लॅबमध्ये घालवा. स्टरर मुद्दाम ४०० वरून १०० आरपीएमवर आणा आणि अ‍ॅसिड क्लोराइड भिंतीलगत सोडा. इम्प्युरिटी चढली तर दोष मिक्सिंगचाच. नाही चढली तर सीएफडीत महिना घालवू नका, दुसरीकडे शोधा.

मोटरचं म्हणाल तर साहेबांपुढे हिशेब ठेवा. आकार तोच धरला तर भांडं लांबीत साडेतेरा पट वाढलं. दर लिटरमागे पॉवर तेवढीच ठेवली की ४०० आरपीएमचे ७० होतात, आणि मिसळायला पावणेसहा पट वेळ लागतो. तो वेळ लॅबइतका आणायचा तर दर लिटरमागे १८४ पट पॉवर लागेल! अशी मोटर कोण बसवणार?

माझ्या आधीच्या नोकरीत असंच झालं होतं. सीएफडीत दिसलं की वरच्या नॉझलमधली धार भिंत आणि बॅफल (द्रव नुसता गोल फिरू नये म्हणून लावलेली पट्टी) यांच्या मधे पडतेय, आणि तिथे द्रव जवळजवळ उभाच आहे. तिथलं अमाइन संपतं, मग क्लोराइड तयार मालालाच जाऊन चिकटतं. डिप पाइप (द्रवात बुडणारी नळी) इम्पेलरजवळ, म्हणजे फिरणाऱ्या पात्यांजवळ नेला, मोटर तीच ठेवली, इम्प्युरिटी निम्म्यावर आली. ते चित्र पाहिलं तेव्हा दोन वर्षांचे वाया गेलेले बॅच डोळ्यांपुढे आले.

एक जपा: मॉडेलची पॉवर टर्ब्युलन्सच्या ऊर्जाक्षयाची बेरीज करून काढू नका, ती बहुधा कमी येते. पात्यांवरच्या टॉर्कवरून काढा आणि प्लांटच्या आकड्याशी ताडून बघा. जुळत नसेल तर रंगीत चित्रांवर विश्वास ठेवू नका.

शिफ्ट_इनचार्ज: डिप पाइप टाकाल तर उलट ओढ आधी सोडवा. अमाइन पाइपमधून वर चढून क्लोराइडच्या टाकीत गेलं तर काय होईल, विचार करा. नुसत्या एनआरव्हीवर (एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या व्हॉल्व्हवर) विसंबू नका. आणि पाइपला आधार द्या, हलून ग्लास फुटतो.

लोटेवाला: ताई, सोमवारी १०० आरपीएमची बॅच लावतो. व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्रावर) किलोवॅट दिसतात, तेच ताडायचे ना?

मिक्सिंगवेडी: हो, पण मोटर, गिअरबॉक्स आणि सीलमध्ये जाणारा वाटा वजा करून.