मदत हवी आहे : लष्करातल्या लेकीची बालसंगोपन रजा

नमस्कार मंडळी. माझी लेक लष्कराच्या मिलिटरी पोलीस दलात जवान आहे. मे 2021 मध्ये बंगळुरूहून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, त्यातली ती. आता नात पाच महिन्यांची झालीय आणि 180 दिवसांची प्रसूती रजा संपत आली. जावईही फौजेतच, पोस्टिंग दुसऱ्या टोकाला.

नोव्हेंबर 2023 मध्ये संरक्षणमंत्र्यांनी महिला जवानांनाही अधिकाऱ्यांसारखीच प्रसूती, बालसंगोपन आणि दत्तक रजा मंजूर केली. त्यात पूर्ण नोकरीत 360 दिवस बालसंगोपन रजा आहे, मूल 18 वर्षांचं होईपर्यंत. कागदावरचं हे मला कळतं. पण प्रसूती रजेला जोडूनच ती मागता येते का? तुकड्या-तुकड्यांत घेतली तर एका वेळी किती मिळते? अर्ज किती आधी द्यावा?

आणि युनिटजवळ पाळणाघर असेल, तर एवढ्या लहान बाळाला तिथे घेतात का? नाहीतर मी साताऱ्याहून तिच्याकडे जाऊन राहीन, माझी तयारी आहे. पण क्वार्टर मिळेपर्यंत बाळाला घेऊन राहायचं कुठे?

परवा तिने ट्रंकेतून गणवेश काढून इस्त्री केली. पितळी बक्कल चमकवताना बाळ मांडीवरच होतं, ते बक्कल धरायला हात पुढे करत होतं. लेक काही बोलली नाही, नुसती पुसत राहिली. तिला नोकरी सोडायची नाही, आणि तिने सोडू नये असंच मलाही वाटतं.

ज्यांच्या घरी अशी मुलगी-सून आहे, त्या ताईंनी कृपया स्वतःचा अनुभव सांगा. अंगावरचं दूध कसं सांभाळलंत, तेही.