उपभोग आणि ब्राखा

वर कुणीतरी विचारलंय की ज्यू धर्मात सुखोपभोग पाप मानतात का. उलट आहे. तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथातल्या ब्राखोत भागात म्हटलंय, आशीर्वाद न म्हणता जगाचा उपभोग घेणं म्हणजे देवाच्या राखीव वस्तूला हात लावणं. म्हणजे खायचं, पण आधी ब्राखा, म्हणजे आशीर्वाद, म्हणून.

झाडाच्या फळाला 'हाएत्स' (झाडाची) ब्राखा, जमिनीतल्या पिकाला 'हाअदामा' (जमिनीची). इथे केळं फसवतं! केळीचा बुंधा एकदा घड देऊन मरतो, म्हणून ते झाड धरत नाहीत, केळ्यावर 'हाअदामा'च. आंब्यावर चुकून 'हाअदामा' म्हटलं तर निभावतं, कारण झाडही जमिनीतूनच येतं. उलटी चूक मात्र निभावत नाही. आपल्या बेने इस्राएलींच्या, म्हणजे मराठी ज्यूंच्या, मलिद्यात गोड पोह्यांबरोबर फळं असतात, तिथे हा फरक लगेच कळतो.

ब्राखा आणि पहिला घास यांमध्ये बोलायचं नाही. 'मीठ दे' चालतं, कारण ते जेवणाचंच. गप्पा मारल्या तर ब्राखा पुन्हा म्हणावी लागते.

आणि जेवणानंतरची आभाराची प्रार्थना, बिर्कत हामाझोन, विसरू नका, बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकातल्या 8:10 ची आज्ञा तीच. ऑलिव्हएवढा पाव खाल्ला तरी ती लागते. साधारण 72 मिनिटांच्या आत म्हणावी.