एचएमटी जनता मनगटी घड्याळ (चावीचं, १७ ज्वेल): सर्व्हिसनंतरही अम्प्लिट्यूड (बॅलन्स चाकाचा झोका) १९५ अंशांवरच

पेगवुड
मशीन पूर्ण खोलून धुतलं, तेल घातलं. तासाला १८,००० बीट (ठोके), टायमग्राफरवर (टिकटिक ऐकून मोजणारं यंत्र) लिफ्ट अँगल (ठोक्याच्या वेळी बॅलन्स फोर्कशी गुंतलेला असतो तो कोन) ५२ ठेवलाय. पूर्ण चावीवर:
डायल वर: दिवसाला +४० सेकंद, १९५ अंश, बीट एरर (टिक आणि टॉकमधली असमानता) ३.२ मिलिसेकंद
किल्ली खाली (घड्याळ उभं): −२५ सेकंद, १५५ अंश, बीट एरर ४.१
१४-१५ तासांत बंद पडतं. मेन स्प्रिंग जुनीच, पुसून परत भरली. तेल सगळीकडे ९०१० (पातळ घड्याळी तेल), पॅलेट फोर्कच्या पिव्हटनासुद्धा (दांड्याची बारीक टोकं). थोडी जाड मेन स्प्रिंग टाकू का?

चिमटा
जाड स्प्रिंग अजिबात नको. ताकद जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. जाडी १०% वाढवली की ताकद साधारण ३३% वाढली. शिवाय स्प्रिंगच्या डबीत (बॅरल) वेढे कमी मावतात, म्हणजे चालायचा वेळ घटतो. घर्षण आहे तिथेच राहतं, पिव्हट मात्र झिजतात.

आधी जुनी स्प्रिंग डबीतून काढून टेबलावर मोकळी ठेवा. चांगली स्प्रिंग उलट्या वळणाने 'एस'सारखी उघडते. जुनी पोलादी स्प्रिंग जिलेबीसारखी गोल पडून राहिली तर ती बसली, म्हणजे ताण गेला, पुसून काही होणार नाही. रुंदी आणि जाडी मायक्रोमीटरने मोजा, लांबीही घ्या, आणि त्याच मापाची नवी मागवा. धड स्प्रिंगवर असं मशीन ३६ तासांच्या आसपास चालायला हवं.

मग ट्रेन (चाकांची साखळी) तपासा. चावी उतरवून (स्प्रिंगचा ताण सोडून) बॅलन्स आणि पॅलेट फोर्क काढा, डबीवरचं रॅचेट व्हील दोन-तीन दात फिरवा. चाकं लगेच सुटली पाहिजेत आणि थांबताना एस्केप व्हीलने क्षणभर उलटी गिरकी घेतली पाहिजे. गचकन थांबलं तर कुठेतरी अडतंय: ज्वेलच्या भोकात घाण, वाकडा पिव्हट, नाहीतर ब्रिज (चाकांवरची पट्टी) आवळल्यावर चाकाला वर-खाली हलायला जागाच उरलेली नाही. प्रत्येक चाक चिमट्याने अलगद उचलून बघा. पुरेसं हलतंय की नाही ते हाताला कळतं.

पॅलेटच्या पिव्हटचं तेल काढून टाका, ते कोरडेच ठेवायचे. तिथे तेल म्हणजे फोर्क चिकटला. पॅलेट स्टोनच्या (फोर्कवरचे खडे) तोंडाला ९४१५ ग्रीस, सेंटर व्हील आणि डबीच्या आर्बरला (मधला दांडा) जाड तेल एचपी १३००. ९०१० तिथे पातळ पडतं, पसरून जातं. धुताना फोर्क आणि रोलर (बॅलन्सखालची चकती) स्पिरिटमध्ये भिजत ठेवू नका. स्टोन शेलॅकने (लाखेने) चिकटवलेले असतात, ती विरघळते.

बालकमानी
बीट एररकडे आत्ता बघूच नका. १९५ वर ३.२ आणि १५५ वर ४.१, दोन्हींचा अर्थ एकच: रोलर मधल्या जागेपासून साधारण ५ अंश सरकलाय. अम्प्लिट्यूड २८० झाला की तेच ५ अंश २.३ दाखवतील. तेव्हा दुरुस्त करा. स्टडचा हात (हेअरस्प्रिंगचं बाहेरचं टोक धरणारा) फिरता नसेल तर बॅलन्स काढून कोलेट (आतलं टोक धरणारी कडी) फिरवावा लागेल, तेही कणाकणाने. त्या कामात हेअरस्प्रिंग वाकण्याची भीती जास्त. ०.८ च्या खाली आलं की थांबा.

आणि ५२ हा आकडा कुठून आला? खरा ४८ असेल तर तुमचे १९५ म्हणजे १८०. बॅलन्सच्या कडेला मार्करने ठिपका करा आणि चावी हळूहळू उतरू द्या. झोका बरोबर १८० झाला की ठिपका दोन्ही टोकांना एकाच जागी थांबताना दिसतो, मूळ जागेच्या अगदी समोर. त्या क्षणी टायमग्राफरवर १८० येईपर्यंत लिफ्ट अँगल बदला. या कामाला कमी अम्प्लिट्यूड उलट सोयीचाच.

पेगवुड
स्प्रिंग जिलेबीच निघाली. ट्रेन उलटी गिरकी घेत नाही, फोर्थ व्हीलच्या खालच्या ज्वेलमध्ये काळी कडी दिसते. पॅराशॉक (बॅलन्सच्या पिव्हटना धक्क्यापासून वाचवणारी सेटिंग) उघडलं नव्हतं, बॅलन्स कॉकसकट (वरच्या पट्टीसकट) धुतला.

चिमटा
म्हणजे कॅप स्टोन (पिव्हटच्या टोकावरचा सपाट खडा) आणि होल ज्वेलमधलं (भोकाचा खडा) जुनं तेल तसंच आहे. धुण्याने ते निघत नाही. दोन्ही बाजूंची सेटिंग काढून ज्वेल वेगळे धुवा. लुपखाली (भिंगाखाली) कॅप स्टोनवर डाग नको. ९०१० चा थेंब स्टोनच्या अर्ध्या ते दोन-तृतीयांश रुंदीचा, बरोबर मध्ये. कडेला लागला की तेल ओढलं जातं आणि पिव्हट कोरडा पडतो. पॅराशॉकची बारीक स्प्रिंग उडते, म्हणून हात आणि मशीन पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून काम करा. एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय २०१६ मध्येच झाला, त्यामुळे हरवली तर दुसऱ्या मशीनमधूनच काढावी लागेल.

काळी कडी काढायला पेगवुडच्या काडीला टोक काढून ती भोकात फिरवा, टोक पांढरं निघेपर्यंत. पिव्हटवर रेघ नखाला लागत असेल तर चाक बदला.

बालकमानी
नव्या स्प्रिंगवर डायल वर २६०-२८० आणि उभ्यात २०-४० कमी, एवढं आलं तर जुन्या १८,००० ला पुरे. दर (दिवसाला किती सेकंद पुढे-मागे) लावायचा तो त्यानंतर, आणि त्याआधी एकदा डीमॅग्नेटाइझ करा.